लांछन, कानाची खूण आणि तांदळाएवढी चिप



दशलक्षण पर्वात आमच्याकडे रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचला जातो. दहा दिवस, दहा अध्याय. सातव्या दिवशी व्रतांचा अध्याय आला. त्याच आठवड्यात माझ्या नणंदेच्या घरी शेरूची, म्हणजे त्यांच्या कुत्र्याची, जर्मनीला जायची तयारी चालली होती. भाच्याला तिकडे नोकरी लागली आहे आणि शेरूशिवाय जायला तो तयार नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "आधी मायक्रोचिप बसवायची. मग रेबीजची लस. त्यानंतर तीस दिवसांनी रक्ताची तपासणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. लस आधी टोचली आणि चिप नंतर बसवली, तर ती लस तिकडे धरत नाहीत."

सासूबाई सगळं ऐकत होत्या. संध्याकाळी वाचन झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "अगं, आज अहिंसाव्रताच्या अतिचारांत छेद आला ना? मग मुक्या जिवाच्या अंगात सुई खुपसून कायमचा आकडा घालायचा, हा छेद नाही का?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. म्हणून थोडं वाचलं, थोडं विचारलं. वाचता वाचता ही गोष्ट फार मागे गेली, तीच आज तुमच्यासमोर मांडते.

खुणेवरून ओळख

खुणेवरून ओळखायची सवय आपल्याला देवळातच लागते. गाभाऱ्यातल्या तीर्थंकरांच्या मूर्ती दिसायला एकसारख्या असतात. तीच पद्मासनातली किंवा खड्गासनातली मुद्रा, तीच शांत नजर. मग मुलं विचारतात, हे कोणते भगवान? आपण पीठाकडे बोट दाखवतो. बैल असेल तर आदिनाथ, हत्ती असेल तर अजितनाथ, घोडा असेल तर संभवनाथ, सिंह असेल तर महावीर. हे लांछन. मथुरेच्या फार जुन्या मूर्तींवर अशी लांछनं नाहीत. तिथे पार्श्वनाथ डोक्यावरच्या नागफण्यावरून आणि आदिनाथ खांद्यावर रुळणाऱ्या केसांवरून कळतात, बाकीच्यांसाठी पीठावरचा लेख वाचावा लागतो. राजगीरच्या गुप्तकाळातल्या नेमिनाथांच्या मूर्तीवर शंख दिसतो, तो अशा लांछनाचा फार जुना नमुना मानतात. म्हणजे सारख्या दिसणाऱ्यांत नेमका कोण हे सांगायला खूण लागते, ही गरज देवळालाही पडली.

गोठ्याला तर ती त्याच्याही आधी पडली. शंभर गायी एका कुरणात चरत असतील तर तुझी कुठली आणि माझी कुठली? भांडण इथूनच सुरू होतं.

अथर्ववेदात वासरांच्या कानांवर तांबड्या धातूच्या सुरीने खूण करण्याचं एक सूक्त आहे. महाभारतात दुर्योधन वनात पांडवांना खिजवायला जातो, तेव्हा धृतराष्ट्राला काय कारण सांगितलं जातं? गोधनाची मोजणी आणि वासरांना डाग देण्याची वेळ झाली आहे, म्हणून घोषयात्रेला जायचं आहे. राजाने आपल्या खिल्लारांवर जाऊन हे काम पाहायचं, हे इतकं नेहमीचं होतं की ते बहाणा म्हणून चालून गेलं.

मला सगळ्यात नवल वाटलं ते पाणिनीचं. ते तर व्याकरणाचं पुस्तक! 'कर्ण' शब्दाच्या आधी खुणेचा शब्द आला तर त्याचा शेवटचा स्वर दीर्घ होतो, असा एक नियम त्यात आहे. विळ्याची खूण कानावर असलेलं जनावर ते 'दात्राकर्ण'. पण नऊ खुणांना हा नियम लागत नाही म्हणून पाणिनी त्या मोजून सांगतो: विष्ट, अष्ट, पंच, मणि, भिन्न, छिन्न, छिद्र, स्रुव आणि स्वस्तिक. भिन्न म्हणजे चिरलेला कान, छिन्न म्हणजे कापलेला, छिद्र म्हणजे भोक पाडलेला. आपण अक्षतांनी काढतो तो स्वस्तिकसुद्धा गायीच्या कानावर असायचा. व्याकरणकाराला यासाठी वेगळा नियम करावा लागला, म्हणजे लोकांच्या तोंडी हे शब्द रोज येत असणार.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सरकारी गोधनाचा अधिकारी आहे, गोध्यक्ष. वासरू महिना दोन महिन्यांचं झालं की त्याला डाग द्यायचा. मग वहीत लिहायचं: दिलेला डाग, अंगावरची मूळची खूण, रंग आणि दोन शिंगांमधलं अंतर. ही वही लक्षात ठेवा. डाग आणि वही ही जोडी पुढे पुन्हा येणार आहे.

आपल्या आचार्यांनी काय पाहिलं

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपल्याला पाठ आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. नीट पाहिलं तर ही यादी एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्याकडे बघून केल्यासारखी आहे. बांधून ठेवणं, काठीने मारणं, अवयव कापणं, जास्त ओझं लादणं, चारापाणी तोडणं. ही सगळी पाळलेल्या जनावराची दुःखं. पूज्यपाद आचार्यांच्या सर्वार्थसिद्धीत छेदाचा अर्थ दिला आहे तो कान, नाक वगैरे अवयव कापून टाकणं असाच.

श्वेतांबर परंपरेत श्रावकाने करू नयेत असे पंधरा धंदे सांगितले आहेत, त्यांत एक निर्लांछन. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ उलगडून सांगितला: नाक टोचणं, डागणं, खच्ची करणं, पाठ गाळणं, कान आणि गळ्याखालची पोळी कापणं. निर्लांछन या शब्दातही लांछन आहे बघा. देवळातली खूण पूज्य, पण जिवंत कातडीवर तापल्या लोखंडाने उमटवलेली खूण हा पोट भरण्याचा धंदा म्हणून श्रावकाला वर्ज्य.

इतरत्र जे रीत म्हणून चाललं होतं, त्याकडे आपल्या आचार्यांनी जनावराच्या बाजूने पाहिलं. मालकाची सोय त्यांनाही कळत होती. पण त्या सोयीची किंमत कोण मोजतं, हे त्यांनी विचारलं.

मुंबई, १८३२

खूण नसली तर काय होतं, याची एक गोष्ट आपल्या मुंबईतच घडली आहे.

कंपनी सरकारच्या काळात मुंबईत मोकाट कुत्री मारायचा हुकूम होता. वर्षातल्या ठरावीक दिवसांत शिपायांनी कुत्री मारायची आणि दर कुत्र्यामागे आठ आणे घ्यायचे. १८३२ साली हे दिवस वाढवून जूनपर्यंत नेले. आठ आणे तेव्हा लहान रक्कम नव्हती. मग कुत्रं मोकाट आहे की कोणाच्या दारातलं, हे पाहायची गरज कोणाला? ओट्यावरची, अंगणातली पाळलेली कुत्रीही जाऊ लागली. कुत्र्याला आपण कोणाचे ते सांगता येत नाही.

६ जून १८३२ हा पारशी बांधवांचा पवित्र दिवस होता, आणि त्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान. त्या दिवशी फोर्टात पारशी जमावाने कुत्री पकडणाऱ्यांना अडवलं, शिपायांना मार बसला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली. पारशांबरोबर जैन, हिंदू आणि इस्माइली मुसलमानही होते. कुलाब्याच्या पलटणीचा रोजचा पुरवठा अडला, तेव्हा सरकारला जाग आली. लष्कर बोलावून दंगा मोडला, धरपकड झाली. पुढे जमशेटजी जिजीभॉयांनी मध्यस्थी केली.

त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, मुंबईचं पांजरपोळ उभं राहिलं. त्यामागे जमशेटजी जिजीभॉय होते, आणि आपले शेठ मोतीशा, म्हणजे मोतीचंद अमीचंद, ज्यांची भायखळ्याचं देऊळ आणि पालिताण्याची टूंक आपल्याला ठाऊक आहे. भुलेश्वरजवळच्या त्या गल्लीतून आपण साड्या घ्यायला जातो, तेव्हा हा इतिहास सहसा आठवत नाही. ज्यांचा कोणी धनी नाही, त्यांचा धनी समाज, हे पांजरपोळाचं उत्तर होतं. पण ज्याचा धनी आहे आणि तो रडत शोधतो आहे, त्याचं काय? हा प्रश्न शिल्लक राहिला.

पेपर नावाची कुत्री

तोच प्रश्न १९६५ मध्ये अमेरिकेत पुन्हा उभा राहिला. पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतावरची पेपर नावाची डाल्मेशियन कुत्री नाहीशी झाली. घरच्यांनी खूप शोधलं. ती प्रयोगशाळांना कुत्री पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती लागली होती. हातोहात विकली जात ती न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात पोचली, आणि घरच्यांना पत्ता लागेपर्यंत एका प्रयोगात मरून गेली होती.

ही बातमी लोकांच्या जिव्हारी लागली. फेब्रुवारी १९६६ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने कुत्र्यांच्या व्यापाऱ्यांच्या वाड्यातली छायाचित्रं छापली: हाडं निघालेली, साखळ्यांत अडकलेली कुत्री. २४ ऑगस्ट १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या कायद्यावर सही केली. व्यापाऱ्याला परवाना, प्रत्येक कुत्र्या-मांजराची ओळख आणि नोंद, हे त्या कायद्याने बंधनकारक झालं.

पण ओळख ठेवायची कशाने? गळ्यातला पट्टा चोर पहिल्यांदा काढतो. शर्यतीच्या घोड्यांच्या वरच्या ओठाच्या आत आकडा गोंदवायची रीत अमेरिकेत १९४०च्या दशकापासून होती. तशीच कुत्र्यांच्या कानात किंवा मांडीच्या आत गोंदवायला लोकांनी सुरुवात केली. पण गोंदण दुखतं, पुसट होतं, केसांत हरवतं. आणि चोर निर्दय असेल तर गोंदलेला कानच कापतो. पाणिनीच्या यादीतला 'छिन्न' पुन्हा आला!

तांदळाचा दाणा

चिपची सुरुवात कुत्र्यांपासून झालीच नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या शेतीखात्याला गायींची ओळख दुरून पटवायची होती. हे काम लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेकडे गेलं. हो, अणुबॉम्ब बनवला तीच प्रयोगशाळा. तिथल्या लोकांनी रेडिओलहरींनी उत्तर देणारा बिल्ला तयार केला. पुढे हे यंत्र लहान लहान होत काचेच्या बारीक कुपीत मावलं. १९८०च्या दशकात अशा कुप्या सॅमन माशांच्या पिल्लांत घालून त्यांचा नदीतला प्रवास पाहिला गेला, आणि त्याच दशकात त्या कुत्र्या-मांजरांपर्यंत आल्या.

चिप म्हणजे नेमकं काय, ते सांगते, कारण याबद्दल गैरसमज फार आहेत. साधारण तांदळाच्या दाण्याएवढी, बारा मिलिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर जाड अशी काचेची कुपी. लशीच्या सुईपेक्षा जाड सुईने ती खांद्यांच्या मधल्या सैल कातडीखाली सोडतात. आत बॅटरी नाही. स्कॅनर जवळ धरला की त्याच्याच लहरींवर ती क्षणभर जागी होते, आपला आकडा सांगते आणि पुन्हा गप्प. कुत्रं कुठे आहे हे ती सांगत नाही. मालकाचं नाव, पत्ता, फोन यांतलं काहीही तिच्यात नसतं. असतो फक्त पंधरा आकड्यांचा क्रमांक.

हे पंधरा आकडे १९९६ मध्ये जगभरासाठी ठरले. पहिले तीन देशाचे किंवा चिप बनवणाऱ्याचे. आपल्या देशाचे ३५६. लहरीही ठरल्या, १३४.२ किलोहर्ट्झ. पण अमेरिकेत आधीपासून वेगळ्या लहरींच्या चिपा चालू होत्या आणि कंपन्यांना आपलंच चालवायचं होतं. एकाचा स्कॅनर दुसऱ्याची चिप वाचेना. २००४ मध्ये तिथे एका हरवलेल्या कुत्र्याच्या अंगात चिप होती, तरी निवाऱ्यातल्या स्कॅनरला ती दिसली नाही आणि त्याला मारून टाकण्यात आलं. खूण होती, पण वाचणारा आंधळा होता. त्यानंतर सगळ्या लहरी वाचणाऱ्या स्कॅनरांचा आग्रह वाढला.

डाग आणि वही

कौटिल्याची वही इथे पुन्हा येते.

अमेरिकेतल्या ५३ निवाऱ्यांत आलेल्या ७,७०४ चिप असलेल्या प्राण्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या निवाऱ्यांत आलेली हरवलेली सगळी कुत्री घेतली, तर शंभरातली सुमारे २२ घरी गेली होती. चिप असलेल्या कुत्र्यांतली ५२ गेली. मांजरांचा फरक तर थक्क करणारा आहे. एरवी शंभरात दोनसुद्धा घरी पोचत नव्हती, चिप असलेली ३८ पोचली.

पण मला जास्त टोचलं ते वेगळंच. चिप असूनही ज्यांचे मालक सापडले नाहीत, त्यांचं सगळ्यात मोठं कारण काय होतं? नोंदवलेला फोन नंबर चुकीचा किंवा बंद पडलेला. काहींची चिप कधी कुणी नोंदवलीच नव्हती. म्हणजे सुई टोचली, जिवाला त्रास दिला, आणि वही कोरी ठेवली. ज्या कामासाठी टोचलं ते कामच केलं नाही.

ब्रिटनने २००० साली चिप आणि लस असलेल्या पाळीव प्राण्यांना सहा महिन्यांच्या सक्तीच्या कोंडवाड्यातून सूट द्यायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०१६ पासून प्रत्येक कुत्र्याला आणि १० जून २०२४ पासून घरच्या मांजरांनाही चिप सक्तीची आहे, आणि पत्ता-फोन बदलला तर नोंद बदलणंही मालकाचंच काम. जपानमध्ये जून २०२२ पासून कुत्री-मांजरं विकणाऱ्यांना ती बंधनकारक झाली.

आपल्याकडे २०१७च्या केंद्रीय नियमांत कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यांवर मायक्रोचिपची अट आहे. गायी-म्हशींच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला तुम्ही पाहिलाच असेल. गावाकडे त्याला पशू आधार म्हणतात. तो पाणिनीच्या 'छिद्र' खुणेचाच आजचा वंशज. गल्लीतल्या ज्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच दिसते, त्याची नसबंदी झालेली असते. ती खाच भूल दिलेली असतानाच करतात, पुन्हा पकडून त्याचं पोट फाडायची वेळ येऊ नये म्हणून.

मात्र घरच्या कुत्र्या-मांजरांसाठी सगळ्या देशाची एकच वही अजून आपल्याकडे नाही, आणि स्कॅनरही सगळीकडे नाहीत. म्हणून गळ्यातला पट्टा आणि त्यावरचा फोन नंबर सोडायचा नाही. रस्त्यावरच्या भल्या माणसाच्या खिशात स्कॅनर नसतो, पण फोन असतो.

सासूबाईंना दिलेलं उत्तर

हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं. मला जे वाटतं तेही सांगितलं, अधिकार माझा काहीच नाही. छेदात अवयव जातो आणि तो मालकाच्या लोभासाठी किंवा रागापायी जातो. इथे अवयव जात नाही, आणि हरवला तर तो जीव भुकेला, भेदरलेला मरू नये हा हेतू आहे. तान्ह्या बाळाला आपण लस टोचतो, ते रडतं, आपल्याही डोळ्यांत पाणी येतं, तरी टोचतो. पण टोचणं हे टोचणंच. त्याची जबाबदारी घेतल्याशिवाय ते करू नये.

सासूबाई थोडा वेळ गप्प होत्या. मग त्यांनी जीवंधरकुमारांची आठवण काढली. मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात त्यांनी णमोकार मंत्र सांगितला आणि तो जीव यक्ष झाला. "कुत्र्याच्या कानाला धरून कोणी कापलं, कोणी गोंदलं," त्या म्हणाल्या, "आणि कुमारांनी त्याच कानात काय घातलं बघ." आणि मग नेहमीच्या सुरात, "चिप घाला. पण त्या वहीत नंबर कोणाचा लिहिणार? पोरगा तिकडे जाऊन सिम बदलेल. आधी ते विचार."

शेरूला चिप बसली. क्षणभर कुंई केलं, डॉक्टरांनी स्कॅनर फिरवून आकडा वाचून दाखवला, आणि तो शेपूट हलवत बाहेर आला. नोंदीत भाच्याचा नंबर आहे, आणि दुसरा नणंदेचा. क्रमांकाचा कागद लसीच्या पुस्तकात चिकटवला आहे आणि त्याचा एक फोटो माझ्याही फोनमध्ये आहे.

तुमच्या घरात चिप असलेला जीव असेल तर एवढंच करा. पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना स्कॅनर फिरवून आकडा वाचायला सांगा आणि तो कागदाशी जुळवून पाहा. तो कुठे नोंदवला आहे ते विचारा आणि त्या नोंदीतला नंबर आज लागतो का, ते स्वतः फोन करून बघा. घर बदललं, सिम बदललं, की दूधवाल्याला सांगतो तसं तिथेही कळवा.

आपण त्याला आपला म्हटलं आहे. तो हरवलाच, तर ते सांगायला आपला फोन तरी चालू असू दे.

जय जिनेंद्र.